धंदा कोणता, हे कुणीच विचारले नव्हते: जालना जिल्ह्यातील एका बॅटरी कारागिराचे प्रकरण

रुग्ण आणि तक्रार

नवरा ३४ वर्षांचा, बायको २९ वर्षांची, लग्नाला आठ वर्षे झालेली, मूल नाही. जालन्याजवळच्या एका गावात एकत्र कुटुंबात राहतात. ते आले होते नवऱ्याच्या पोटासाठी. अधूनमधून बेंबीभोवती पीळ पडायचा, शौचाला साफ होत नसे, संध्याकाळी अंगात त्राण उरत नसे. अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या होत्या, रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही झाल्या होत्या. फरक काही नव्हता. मुलाचा विषय बायकोने काढला, तोही उठता उठता: "साहेब, ह्यांचं पोट बघितलंच हाय तर आमच्या लेकराचं बी काई तरी सांगा. लई दवाखाने झाले."

ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांच्या हकिगती इथे एकात आणल्या आहेत. कामाची रीत, तपासण्या आणि पुढे उभे राहिलेले प्रश्न या भागात दिसतात तसेच ठेवले आहेत.

दोघांच्या तक्रारी वेगळ्या धरल्या असत्या तर पुढे काही घडले नसते. पण ३४ वर्षांच्या धडधाकट, मूळव्याध नसलेल्या, मांस-अंडी खाणाऱ्या पुरुषाचे हिमोग्लोबिन १०.९ का असावे, हे लोहाच्या गोळ्यांनी सुटलेले कोडे नव्हते. बाईंना पाळीत रक्त जाते, म्हणून त्यांचे कमी हिमोग्लोबिन आपण पटकन समजून घेतो. पुरुषाचे कमी असेल तर कारण शोधावेच लागते.

फाइलीत काय होते

बायकोने दुसऱ्या दिवशी फाइल आणली. कापडी पिशवीत, वर दोरा बांधलेली. पाळीच्या दिवसांच्या नोंदी, सोनोग्राफीचे ढीगभर कागद, बीजांड वाढते का हे पाहणाऱ्या तपासण्या, गर्भनलिका मोकळ्या आहेत हे दाखवणारा एक्स-रे, दुर्बिणीतून केलेली तपासणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच या संप्रेरकांच्या तपासण्या, आणि आययूआयचे, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचे, तीन प्रयत्न. सगळे नॉर्मल. बीजांड वेळेवर फुटत होते, नळ्या मोकळ्या होत्या.

त्या एवढ्या फाइलीत नवऱ्याचा कागद एकच होता. पाच वर्षांपूर्वीची वीर्यतपासणी: शुक्राणूंची संख्या १ कोटी ४० लाख प्रति मिलिलिटर, हालचाल जेमतेम. खाली शेरा "सौम्य कमतरता". त्यावर ताकदीच्या गोळ्या लिहिलेल्या. ती तपासणी पुन्हा झालेली नव्हती. आययूआयच्या वेळी नमुना घेतला गेला असणारच, पण त्याचे आकडे फाइलीत नव्हते.

या पाच वर्षांत बाईंनी काय काय सोसले ते त्या बोलल्या नाहीत, सासूबाई बोलल्या. तुळजापूरला नवस झाला होता, उपास झाले होते, आणि "दुसरी करावी का" हेही घरात बोलून झाले होते. ते बोलताना सून शेजारीच बसलेली होती. मूल न होणाऱ्या जोडप्यांमध्ये जवळपास निम्म्या वेळी पुरुषाकडचे कारण एकटे किंवा बाईकडच्या कारणासोबत सापडते. तरीही तपासण्यांचा, सुयांचा आणि दोषाचा भार एकाच बाजूला पडतो. माझे स्पष्ट मत आहे: पुरुषाच्या किमान दोन वीर्यतपासण्या झाल्याशिवाय बाईच्या पोटात दुर्बीण घालू नये.

फाइलीत आणखी एक गोष्ट नव्हती. कुठल्याही कागदावर नवऱ्याचा धंदा लिहिलेला नव्हता. एका केसपेपरवर "व्यवसाय: खासगी" एवढे होते.

काम

ते बॅटरी दुरुस्तीच्या शेडमध्ये कारागीर आहेत. अकरा वर्षे झाली. ट्रॅक्टरच्या, जीपच्या आणि मुख्यतः इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. भारनियमनाच्या वर्षांत आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आले, त्यांच्या थकलेल्या बॅटऱ्या अशाच शेडमध्ये येतात. मी कामाबद्दल विचारले तेव्हा त्यांनी आधी "बॅटरीचं काम" एवढेच सांगितले. मग म्हटले, "दादा, सकाळी शेडात गेल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत हातानं काय काय करता ते एकेक सांगा." तेव्हा खरे चित्र आले.

बॅटरी आडवी करून आतले अ‍ॅसिड ओतून द्यायचे. वरचे झाकण आरीने कापायचे. आतले प्लेटचे ग्रुप ओढून काढायचे, खराब प्लेट हातोडीने मोडून वेगळ्या करायच्या. मोडताना करडी-तपकिरी भुकटी उडते, ती शिशाच्या ऑक्साइडची. बऱ्या प्लेट धुऊन पुन्हा वापरायच्या. मोडलेले शिसे लोखंडी कढईत वितळवून त्याचे टर्मिनल आणि कनेक्टर साच्यात ओतायचे, उरलेल्या शिशाच्या विटा करून विकायच्या. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण ब्लोअर लावला की कढई त्याच्या बरीच वर तापते, आणि साधारण ५०० अंशांच्या पुढे धूर जोरात सुटू लागतो. वर आलेली मळी पळीने काढून कोपऱ्यात टाकायची. संध्याकाळी केरसुणीने कोरडेच झाडून घ्यायचे. पत्र्याचे शेड, मागे एक खिडकी, पंखा आहे तो भट्टी पेटवायला.

"तोंडाला काही बांधता?"

"दस्ती बांधतो की."

दस्ती डोळ्यांना दिसणारी धूळ थोडी अडवते. वितळलेल्या शिशाच्या धुरातले कण मायक्रॉनच्याही खालचे असतात, ते तिच्यातून आरपार जातात.

पण मला सगळ्यात जास्त खटकला तो तंबाखू. दिवसातून दहा-बारा वेळा डबी निघते. त्यांनी माझ्यासमोर मळून दाखवला: डाव्या तळहातावर तंबाखू, नखाने चुना, उजव्या अंगठ्याने दाबून दाबून मळणे, दोन थापा, मग चिमूट खालच्या ओठात. तळहाताच्या रेषांत करडे काहीतरी कायमचे बसलेले होते. अंगठा त्याच रेषांवरून फिरत होता. शेडमध्ये हात धुतात, पण नुसत्या पाण्याने. शिशाची भुकटी तशी निघत नाही.

शिसे धुरातून छातीत जाते हे लोकांना पटते. ते भाकरीबरोबर आणि तंबाखूबरोबर पोटातही जाते, हे सांगावे लागते. प्रौढ माणसाच्या आतड्यातून गिळलेल्या शिशापैकी साधारण १० ते १५ टक्के अंगात शोषले जाते, उपाशीपोटी बरेच जास्त. लोह आणि कॅल्शियम कमी असले की शोषण आणखी वाढते. लहान मुलांत ते निम्म्यापर्यंत जाऊ शकते. हा शेवटचा मुद्दा पुढे या घरात फार महत्त्वाचा ठरला.

तपासण्या

रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा काही तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसले. हे ठिपके शिशाच्या विषबाधेत दिसतात, इतरही काही आजारांत दिसतात, म्हणून तेवढ्यावर थांबता येत नाही. लोहाचा साठा पुरेसा होता. म्हणजे लोह होते, पण त्यापासून रक्त बनत नव्हते. शिसे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) अडवते, त्यात हे बसते.

रक्तातले शिसे मोजायची सोय आपल्याकडे जवळपास कुठेही नाही. नमुना शिसेमुक्त नळीत घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. तरी एका आययूआयपेक्षा हा खर्च कमी आहे. आकडा आला ६१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आकडा ५ किंवा त्याहून जास्त असला की उगम शोधून तो थांबवावा. अमेरिकेच्या जुन्या कामगार नियमांतही, जे आज फारच सैल मानले जातात, ६० ला माणसाला शिशाच्या कामावरून हटवावे लागते.

वीर्यतपासणी दोनदा केली, मध्ये तीन आठवडे ठेवून, दोन्ही वेळा दोन ते सात दिवसांचा संयम पाळायला सांगून. पहिल्यांदा संख्या ७० लाख प्रति मिलिलिटर, दुसऱ्यांदा ६० लाख. पुढे सरकणारे शुक्राणू १४ आणि १६ टक्के. नीट आकाराचे २ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची पातळी १ कोटी ६० लाख, ३० टक्के आणि ४ टक्के अशी आहे. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. वर्षभरात ज्यांच्या बायकांना दिवस गेले अशा पुरुषांतल्या सर्वात खालच्या ५ टक्क्यांची ती सीमा आहे. तिच्याखालीही बाप झालेले लोक आहेत. पण तिन्ही आकडे एकदमच एवढे खाली असतील तर महिन्यामागून महिने जाणारच. पाच वर्षांपूर्वीच्या १ कोटी ४० लाखांवरून आजच्या ६०-७० लाखांपर्यंतची घसरण मला त्या एका आकड्यापेक्षा बोलकी वाटली.

एफएसएच, म्हणजे शुक्राणू बनवण्याचा वृषणाला संदेश देणारे संप्रेरक, थोडे वाढलेले; टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक खालच्या मर्यादेजवळ. वृषणांचा आकार ठीक. डाव्या बाजूला हाताला जेमतेम लागणाऱ्या फुगलेल्या शिरा, म्हणजे सौम्य व्हेरिकोसील.

निदान किती पक्के

इथे घाई करून चालत नाही. व्हेरिकोसील होती. तंबाखू होता. भट्टीसमोर बसण्याची उष्णता होती; वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावे अशी निसर्गाची सोय आहे, ती भट्टी मोडते. जालन्याच्या री-रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडासमोर पाळ्या करणाऱ्यांनाही हा प्रश्न विचारायला हवा. शिवाय या कारागिराने दोन वर्षांपूर्वी एका वैदूकडून ताकदीच्या पुड्या घेतल्या होत्या. पुड्यांचे नेहमी विचारावे, कारण नागभस्म म्हणजे शिशाचेच भस्म. ज्या दुखण्यावर माणूस ते घेतो तेच दुखणे त्याने वाढू शकते. पण पुड्या काही महिनेच घेतलेल्या आणि बंद होऊन दीड वर्ष उलटलेले. रक्तातल्या शिशाचे अर्धायुष्य साधारण एक महिन्याचे, त्यामुळे आजचे ६१ त्या पुड्यांवर ढकलता येत नव्हते.

निर्णायक ठरले शेडमधले बाकीचे लोक. मालकांच्या परवानगीने इतर तिघांचेही रक्त पाठवले. दुसरा कारागीर ५२. गल्ल्यावर बसणारे मालक, जे भट्टीकडे क्वचित जातात, २९. आणि झाडलोट, कढई हलवणे, प्लेट मोडणे ही कामे करणारा मदतनीस मुलगा ४७. चौघांचे खाणे वेगळे, गाव वेगळे, पुड्या बाकीच्या तिघांपैकी कुणी घेतलेल्या नाहीत. सामायिक होते ते शेड.

मालकांनी एक रास्त शंका काढली: "डाक्टर साहेब, शिशानं लेकरं होत नाहीत म्हणता, मग दुसऱ्याला दोन कशी झाली?" विचारल्यावर कळले की त्या दुसऱ्या कारागिराची दोन्ही मुले तो शेडवर यायच्या आधीची आहेत. पण समजा नंतरची असती, तरी उत्तर बदलत नाही. शिसे दार बंद करत नाही, शक्यता कमी करते. कुणाची शक्यता मुळात भरपूर असते, त्याला जाणवत नाही. कुणाची काठावर असते, त्याचे घर सुने राहते.

शिसे नेमके काय करते

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यावर नळीतून पुढे सरकून पक्व व्हायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणून आज केलेल्या तपासणीत गेल्या तीन महिन्यांची कमाई दिसते. शिसे या सगळ्या वाटेवर अडथळे आणते. मेंदूकडून वृषणाला जाणारे संप्रेरकांचे संदेश ते बिघडवते. शुक्राणूच्या डोक्यात आनुवंशिक धागा घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनाला जस्त लागते. शिसे त्या जस्ताच्या जागी बसते आणि गुंडाळी सैल पडते. म्हणजे आकडा नॉर्मल आला तरी आतला माल चांगला असेल याची खात्री राहत नाही.

हे नवे ज्ञान नाही. रुमेनियातल्या बॅटरी कामगारांवरचा अभ्यास १९७५ मध्ये छापून आला, त्यात शुक्राणू कमी, मंद आणि विचित्र आकाराचे असल्याचे दिसले होते. २००२ मध्ये ब्रिटन, इटली आणि बेल्जियममधल्या १० कंपन्यांतल्या ५०३ पुरुषांचा अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात शिसे ५० च्या वर होते त्यांच्यात शुक्राणूंची मध्यम संख्या ४९ टक्क्यांनी कमी होती, आणि ४४ च्या आसपास घसरण सुरू होताना दिसत होती. आमच्या शेडमधल्या चौघांपैकी तिघे या ४४ च्या रेषेच्या वर होते.

आणि शिसे एकटे नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावच्या कारखान्यात डीबीसीपी नावाचे सूत्रकृमीनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आले की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अलीकडे मूलच झालेले नाही. तपासल्यावर काहींच्या वीर्यात शुक्राणूच सापडले नाहीत. उंदरांची वृषणे या रसायनाने आक्रसतात हे १९६१ मध्येच छापून आलेले होते. सोळा वर्षे कागद होता, कामगारांना कुणी सांगितले नाही. रंगात आणि शाईत वापरले जाणारे काही ग्लायकॉल इथर, व्हिस्कोस कारखान्यातले कार्बन डायसल्फाइड, धुरीचे औषध म्हणून वापरले गेलेले इथिलीन डायब्रोमाइड यांचीही पुरुष बीजावर इजा नोंदलेली आहे. वाळूजला स्प्रे पेंटिंग करणारा, शेतात पंप पाठीवर घेऊन फवारणारा, बॅटरी फोडणारा, तिघांनाही दवाखान्यात तोच प्रश्न विचारला जायला हवा, आणि तिघांनाही तो विचारला जात नाही.

उपचार

कुटुंबाला इंजेक्शन हवे होते. शिशाला पकडून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत, ती तीव्र विषबाधेत जीव वाचवतात. पण काम चालू ठेवून ती देणे चूक आणि धोक्याचे आहे. एकीकडून काढायचे आणि दुसरीकडून भरायचे, शिवाय मूत्रपिंडावर ताण. त्यांची लक्षणे सौम्य होती, म्हणून आधी शिशापासून दूर करणे हाच उपचार ठरवला. औषधात फक्त कॅल्शियमचे पूरक आणि जेवणात नाचणी, दूध, पालेभाजी. तंबाखू सोडावा असे सांगितले. न जमल्यास निदान शेडमध्ये डबी न्यायची नाही, हे त्यांनी कबूल केले. व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेची घाई केली नाही.

सगळे शिसे लगेच उतरत नाही. रक्तातले महिन्या-महिन्याने घटते, पण अकरा वर्षांचे शिसे हाडात साठलेले असते आणि तिथून दहा-वीस वर्षे झिरपत राहते. हाड हे शिशाचे बळदच, म्हणजे कोठारच म्हणायचे. म्हणून आकडा सुरुवातीला झपाट्याने आणि मग रेंगाळत खाली येतो. हे आधी सांगितले नाही तर लोक चौथ्या महिन्यात धीर सोडतात.

शेड

"काम सोडा" म्हणणे सोपे होते. त्यांच्यावर मालकाची उचल होती. "उचल फिटल्याबिगर कसं सोडावं? अन् सोडून खावं काय?" मालकही काही परके नव्हते, भावकीतलेच. भांडण करून उपयोग नव्हता आणि मालकांच्या रक्तातही २९ होते, हे त्यांना समोर बसवून दाखवल्यावर बोलणे पुढे सरकले.

पहिला तोडगा मालकांनीच सुचवला: याला गल्ल्यावर आणि बॅटरी बसवायला गावोगाव पाठवतो, भट्टी पोरगा बघेल. या प्रकरणात मला सगळ्यात अवघड गेलेली जागा हीच. माझ्या रुग्णाचा प्रश्न सुटत होता, आणि शिसे मात्र सतरा वर्षांच्या मुलाच्या छातीत जाणार होते. त्या वयात लग्न नाही, मूल नाही, त्यामुळे तक्रारही नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला धोकादायक प्रक्रियेत लावायला कायद्याने बंदी आहे, हे मी मालकांना स्पष्ट सांगितले. नुसत्या कायद्याने ते हलले नसते. मुलाच्या बापाला बोलावून ४७ चा कागद दाखवला, तेव्हा हलले.

मग मुळावर बोलणे आले: शिसे वितळवायचेच कशाला? टर्मिनल आणि कनेक्टर तयार मिळतात. जुन्या प्लेटच्या विटा करून विकण्यात नफा होता, पण वापरलेल्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे किंवा नूतनीकरण करणाऱ्याकडेच जाव्यात, असे बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम सांगतात. अख्खी बॅटरी तशीच देऊन टाकली तर पैसे थोडे कमी येतात, भट्टी बंद होते. मालकांनी आधी महिनाभर करून पाहिले, मग चालू ठेवले. भट्टी गेली तसा धूर गेला. प्लेट मोडणे थांबले तशी बहुतेक धूळ गेली. झाळ देण्याचे थोडे काम उरले, ते शेडच्या बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, कणरोधक गाळणीच्या मास्कने. कोरडे झाडणे बंद, ओले पुसणे सुरू. साबण आला. जेवण समोरच्या टपरीच्या बाकड्यावर. पाण्याचा माठ शेडबाहेर हलवला.

यातले कुठलेच यंत्र महाग नव्हते. मास्क मी मुद्दाम शेवटी सांगितला, कारण मालकांना मास्क घेऊन देणे सगळ्यात सोपे जाते आणि मग बाकीचे राहून जाते.

घर

बायको त्यांचे कामाचे कपडे घरातल्या सगळ्या कपड्यांबरोबर हाताने धूत होती, धुण्याआधी अंगणात झटकत होती. तिच्या रक्तात शिसे ९ निघाले. ती गरोदर राहावी म्हणून आम्ही सगळे धडपडत होतो, आणि गर्भारपणात आईच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत जाते. बाप होण्याची तयारी म्हणून नवऱ्याची संख्या वाढवायची आणि आईच्या अंगात शिसे तसेच ठेवायचे, हे कुणाच्याच मनात नव्हते, पण कुणी पाहिलेही नव्हते.

धाकट्या भावाची तीन वर्षांची मुलगी संध्याकाळी काका आले की पळत येऊन त्यांच्या अंगावर चढते. तिचे ११ निघाले. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी ठरलेली नाही. तिच्या आईला हे सांगताना त्या कारागिराचा चेहरा जसा झाला तसा स्वतःचे ६१ ऐकताना झाला नव्हता. त्यांनी त्या दिवसापासून शेडमध्येच कपडे आणि चप्पल बदलायला आणि आंघोळ करून निघायला सुरुवात केली. मला वाटते, त्यांच्या शिस्तीमागे औषधाच्या धाकापेक्षा ती पुतणी जास्त होती.

कायदा कुठे पोचतो

कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाची विषबाधा पहिल्याच क्रमांकावर होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना लेखी कळवायचे, असे कलम ८९ म्हणत होते. आजार कळवण्याची तरतूद आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. पण चार माणसांचे पत्र्याचे शेड कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. लहान जागांनाही कायदा लावण्याचा अधिकार कलम ८५ ने राज्य सरकारला दिलेला होता. अशा शेडांसाठी तो वापरला जायला हवा होता, कारण शिसे माणसे मोजून अंगात शिरत नाही. कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षणही इतक्या कमी माणसांच्या जागेला आपोआप मिळत नाही.

नुकसानभरपाईत तर वेगळीच अडचण आहे. शिशाचे आजार १९२३ च्या भरपाई कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होते, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही यादी आहे. पण कायमच्या नुकसानीची भरपाई कमावण्याची ताकद किती घटली यावर मोजतात. माणूस बाप होऊ शकत नसेल, तरी तो बॅटरी उचलू शकतो. मग त्या हिशोबात त्याचे काहीच गेले नाही. त्याच्या बायकोने आठ वर्षे ऐकलेले बोल, तिच्या पोटावरचे टाके, तीन आययूआयचे पैसे, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. हा रकाना कायद्यात असायला हवा असे मला ठामपणे वाटते.

आठ महिन्यांनंतर

तिसऱ्या महिन्यात रक्तातले शिसे ३९ वर आले. पोटातला पीळ गेला, शौचाची तक्रार गेली, हिमोग्लोबिन १२.४. वीर्यतपासणीत मात्र संख्या ९० लाख, हालचाल १८ टक्के. घरच्यांचा हिरमोड झाला. आधी सांगितलेले तीन महिन्यांचे गणित पुन्हा समजावले: भट्टी बंद झाल्यानंतर जन्मलेले शुक्राणू आता कुठे बाहेर पडू लागले होते.

आठव्या महिन्यात शिसे २७, संख्या १ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३१ टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. तंबाखू अर्ध्यावर आला आहे, बंद झालेला नाही. त्यामुळे या सुधारणेतले किती शिशाचे आणि किती तंबाखूचे हे वेगळे काढता येणार नाही. व्हेरिकोसील जशी होती तशीच आहे, तिला हात न लावता आकडे वाढले, एवढे नक्की. बायकोचे शिसे ४ वर आले आहे, पुतणीचे ७. पुतणीची तपासणी दर तीन महिन्यांनी चालू ठेवली आहे. दुसरा कारागीर ३३ वर आहे. मदतनीस मुलाने शेड सोडले आणि आयटीआयला वायरमनच्या कोर्सला नाव घातले. त्याचे रक्त अजून एकदा तपासायचे राहिले आहे, बापाला निरोप दिला आहे.

दिवस अजून गेलेले नाहीत. बायकोचे वय तिशीत शिरले आहे, पण बीजांडांचा साठा चांगला आहे, म्हणून आणखी सहा महिने नैसर्गिकरीत्या वाट पाहायची असे दोघांनी ठरवले. त्यानंतर गरज पडली तर आययूआयसाठी पाठवीन. त्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत नवऱ्याचा धंदा आणि त्याच्या रक्तातल्या शिशाचा ताजा आकडा लिहिलेला असेल.